अकराव्या मजल्यावरची छोटी खोली

हरकुळ, ता. कणकवली
११ जानेवारी २०२६

प्रिती बाय,

पाकीट उघडशील तेव्हा घडीतून आधी कार्डच खाली पडेल. ते माझं आहे. ऑफिसच्या दारावर लावायचं, माझ्या फोटोचं, तेच. दचकू नकोस आणि कुणाला दाखवू नकोस.

हे फोनवर का नाही बोलले, तर आता फोनचीच भीती वाटते. ऑफिसने सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ते ॲप टाकून घेतलंय, ते काय काय वाचतं कोण जाणे. म्हणून गुणाजींच्या गाडीतून कागद पाठवते. गुणाजी आमच्याच वाडीतले. त्यांची लक्झरी रात्री इथून सुटते आणि सकाळी लालबागला लागते. आमची माणसं नारळ, कोकम, औषधं, घराच्या चाव्या, सगळं याच गाडीतून पाठवतात. बुकिंगच्या टपरीवर तुझं नाव सांगितलंय.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीपासून पाचही दिवस ऑफिसात यायचं, हा मेल तुलाही आला असेल. मी शंतनु सरांना सगळं खरं खरं लिहिलं. आईची डावी बाजू गेलीय. तिला उठवायला, बसवायला, न्यायला मीच लागते. माझ्या लालबागच्या खोलीत तिला ठेवू कशी? तिसरा मजला, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. इथे निदान घर जमिनीवर आहे. सर म्हणाले, "तुमचा अर्ज वर पाठवलाय. पण निर्णय येईपर्यंत हजेरी लागली पाहिजे. जिची लागत नाही तिचं नाव आपोआप वर जातं." आपोआप म्हणजे कोण नेतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

काम मी एक दिवस चुकवत नाही, तुला माहीत आहे. क्लेमच्या फाइली तुझ्याआधी माझ्या संपतात. लॅपटॉप कुठून चालू आहे ते सर बघत नाहीत, त्यांना फक्त दारावरची हजेरी वर दाखवायची असते. तू तर रोज जातेसच. तुझ्या कार्डामागून माझं लावशील? अर्जाचं उत्तर येईपर्यंतच.

नको असेल तर पाकीट तसंच टपरीवर परत दे. मी रागावणार नाही. पण घाबरेन, हे मात्र खरं. ही नोकरी गेली तर आईला घेऊन मी कुठे जाऊ?

तुझी
मेघना


बीडीडी चाळ, वरळी
१४ जानेवारी

मेघे,

पाकीट मिळालं. टपरीवाला म्हणाला, "एवढंच? नारळबिरळ काय नाय?" मी म्हटलं, यात आहे ते नारळापेक्षा जड आहे. त्याला काय कळणार!

लावते गं. एवढं लांबलचक लिहायची गरज नव्हती. माझे आजोबा, रामजी, मिलमध्ये बदली कामगार होते. कुणी खाडा केला की त्याच्या जागी उभं राहायचं. आमच्या घराण्यातच आहे म्हण हे काम.

पण एक सांगते, तोंड वाकडं करू नकोस. तुझं ते "घरूनच काम करू द्या" मला कधी पटलं नाही. आमच्या खोलीत आम्ही सहा माणसं. विकासदादा रात्रपाळी करून दिवसा झोपतो, वहिनीचं तान्हं, आणि आईला नेमकं माझ्या मीटिंगच्या वेळी मिक्सर लावायचा असतो. लॉकडाउनची दोन वर्षं मी गॅलरीत स्टुलावर बसून काढली. ऑफिसात मला माझी खुर्ची आहे, थंड हवा आहे, कडी नीट लागेल असा बाथरूम आहे. पाच दिवसांचा मेल आला तेव्हा मला आतून आनंदच झाला. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प बसले.

आणि परवाच्या मीटिंगमध्ये धनेश बोलला ते तू स्क्रीनवरून ऐकलंसच. "घरून काम करणाऱ्यांचे कागद स्कॅन कोण करतं? कुरियर कोण घेतं? आम्ही. मग आम्ही काय त्यांचे शिपाई?" आणि तू माईक चालू करून म्हणालीस, "शिपायाला तरी लोक थँक्यू म्हणतात." सगळे हसले. तो कानापर्यंत लाल झाला. तो गिरगावकर आहे, हट्टी आहे, मान्य. पण तुझे कागद मी स्कॅन करते, बाकी चौघींचे तोच करतो. अर्धं तरी त्याचं बरोबर आहे.

दोन्ही कार्डं मी एकाच कव्हरमध्ये पाठीला पाठ लावून ठेवलीत. लवकर जाते, दारावरचा कुशाबा चहाला गेलेला असतो तेव्हा. आज सराव म्हणून नुसती तिथे उभी राहिले आणि परत फिरले. वर कॅमेरा आहे गं, तो सारखा माझ्याकडेच बघतोय असं वाटतं. मावशींना नमस्कार सांग.

जयभीम.
तुझी बदली कामगार
प्रिती


हरकुळ
८ फेब्रुवारी

प्रिती बाय,

पहिला आठवडा निभावला. तू कार्ड लावलंस की माझ्या लॅपटॉपवर मेल येतो, "सुप्रभात मेघना, ऑफिसात तुझं स्वागत आहे." मी त्या वेळी आईला कूस बदलून देत असते. मेल वाजला की आधी हायसं वाटतं आणि लगेच मी आवाज बंद करते. आईची जीभ जड झालीय, तरी विचारते, "कोण साद घालता गो तुका?" मी म्हणते, कोण नाय गो आई, ऑफिसचा मेल. तिला वाटतं, ऑफिसातली माणसं किती मायाळू!

कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसते. बाहेर कोंबडा ओरडला तर माईकवर हात ठेवते. परवा शंतनु सर सहज म्हणाले, "मेघना, आज खाली कँटीनमध्ये दिसला नाहीत." मी म्हटलं, डबा आणला होता. एवढं साधं वाक्य, पण ते बोलून झाल्यावर मला पाणी प्यावं लागलं.

धनेशची बाजू मला सांगू नकोस. त्याचे आईवडील धडधाकट, बायको घरात, गिरगावातून ऑफिस हाकेवर. ज्याच्या पायात काटा नाही त्याला बरं बोलता येतं. तो माझ्यावर डूख धरून आहे. आपल्याला कुणी पकडून देईल तर तोच देईल, लिहून ठेव. त्याच्यापासून जपून राहा.

अर्जाचं उत्तर अजून नाही. दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा करून द्यायची भीती वाटते, न जाणो कुणीतरी फाइल उघडून बसायचं. सोबत कोकम पाठवतेय, टपरीवाल्याला वाईट वाटायला नको.

तुझी
मेघना


वरळी
२३ फेब्रुवारी

मेघे,

कोकम आईला फार आवडलं. पण आज दुसरंच सांगायचंय, नीट वाच.

शुक्रवारी धनेश माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मेघना रोज येते म्हणे. हजेरीत नाव असतं. मला कशी दिसत नाही?" मी फाइल उघडल्यासारखं केलं. आणि तोंडातून निघून गेलं, की अकराव्या मजल्यावर जुने कागद ठेवायची ती छोटी खोली आहे ना, तिथे बसते. आईचे सारखे फोन येतात, म्हणून दार लावून बसते. एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. पुढे म्हणाले, "आणि तू सगळ्यांसमोर बोललास तेव्हापासून तिला खाली यायलाच नको वाटतं."

हे शेवटचं कशाला जोडलं, माझं मलाच कळलं नाही. त्याने वर जाऊन बघू नये म्हणून असेल. त्याचा चेहराच उतरला. "एवढं मनाला लावून घेतलं तिने?" म्हणाला आणि गेला. तेव्हापासून काही विचारत नाही. उलट आज स्कॅनरपाशी हळूच म्हणाला, "तिचे काही कागद असतील तर दे, मी करतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू म्हणतेस तसा डूख वगैरे काही नाही गं त्याच्या मनात.

त्याला आता आमच्या मजल्यांचा फायर मार्शल केलंय. पिवळं जॅकेट, गळ्यात शिट्टी. पोरं त्याला ट्रॅफिक हवालदार म्हणून चिडवतात. तो मात्र मन लावून करतो. जिने बघून ठेवतो, कुणाला गुडघेदुखी आहे, कोण पोटुशी आहे, सगळं लिहून घेतो. बाहेर पडल्यावर दारावरच्या हजेरीतूनच नावं पुकारायची, असं त्याला शिकवलंय.

एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लावून उभं केलंय आपण. तू अर्जाचं बघ. मला हल्ली सकाळ झालेली नको वाटते.

तुझी
प्रिती


वरळी
७ मार्च

मेघना,

तुला आतापर्यंत कळलं असेल. टीव्हीवर दाखवलं. तरी मला लिहू दे, नाहीतर मला वेड लागेल.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुमाराला अकराव्या मजल्यावर धूर झाला. छतातल्या वायरी पेटल्या म्हणतात. भोंगा वाजला, धनेशने शिट्ट्या मारत आम्हाला जिन्याने खाली काढलं. शेवटचा तोच उतरला. अकराव्यावरून खाली येता येता त्याने दारं वाजवली होती, पण जुन्या कागदांच्या खोलीकडची बाजू तोवर काळी झाली होती. खाली गेटपाशी त्याने हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक "हो". मग तुझं नाव आलं.

तो पुन्हा म्हणाला, "मेघना." मग ओरडला, "मेघना!" शंतनु सरांनी तुला फोन लावला. एकदा, मग परत. "उचलत नाही," म्हणाले. तुझ्याकडे लाईट गेली होती का गं? फोन बंद होता का? धनेश म्हणाला, "ती दार लावून बसते, तिला भोंगा ऐकू गेला नसेल." तोंडाला ओला रुमाल बांधला आणि आत पळाला. सगळं इतकं झटकन झालं की कुणाला काही करता आलं नाही.

अग्निशमनवाल्यांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा जॅकेट काळं झालं होतं. त्या खोलीच्या दाराशीच पडला होता म्हणे. आता परळला हॉस्पिटलमध्ये आहे, घशात नळी आहे. वाचेल की नाही, डॉक्टर बोलत नाहीत.

तुझं कार्ड माझ्याकडेच आहे. काल कापायला घेतलं, पण परत कव्हरमध्ये ठेवलं.

प्रिती


हरकुळ
९ मार्च

प्रिती,

लाईट होती. फोनही चालू होता.

मी आईला पेज भरवत होते. फोन वाजला, बघितलं तर शंतनु सर. जेवणाच्या वेळी ते कधी फोन करत नाहीत. माझ्या मनात एकच आलं, पकडले गेलो. आता विचारतील, कुठे आहेस? काय सांगू? मी फोन आईच्या गादीखाली सारला. तो परत वाजला. गादी थरथरत होती आणि आई म्हणत होती, "गो, घे मगे!" मी तिच्या तोंडात पुढचा चमचा घातला. फोन वाजायचा थांबेपर्यंत मी पेज भरवत राहिले.

उचलला असता तर एका वाक्यात संपलं असतं. सर, मी गावाला आहे. एवढंच.

संध्याकाळी सरांचा परत फोन आला, तेव्हा उचलला. मी म्हटलं, आज मी आलेच नव्हते. पलीकडे त्यांनी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मशीनची चूक असेल. आपण ते तिथेच सोडू. कुणाशी बोलू नका." मला इतकं हलकं वाटलं, प्रिती! सुटलो, असं वाटलं. आणि मग त्याच फोनवर, जाता जाता सांगावं तसं, त्यांनी धनेशचं सांगितलं.

तो माझ्यासाठी गेला. ज्याच्यापासून जपून राहा म्हणून मी तुला लिहिलं, तो. मला आता भीती कशाची वाटते तेही नीट कळत नाही. फोन वाजला की मी अंगणात जाऊन उभी राहते.

खरं सांग. नाव पुकारलं तेव्हा तू कुठे होतीस? तू त्याला काही बोलली नाहीस?

मेघना


वरळी
१३ मार्च

मेघना,

तू विचारलंस म्हणून सांगते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

मी त्याच्यासमोरच उभी होते. सरांनी "उचलत नाही" म्हटल्यावर धनेश माझ्याकडे वळला. म्हणाला, "प्रिती, ती आज आली होती ना?" बाजूला शंतनु सर होते, मागे सगळा मजला उभा होता. मी मान हलवली. हो म्हणून.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी मान हलवली. तो आत पळाला आणि त्याची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला, "अरे नको, ती नाहीये आत!" तोवर तो जिना चढून गेला होता. अग्निशमनवाले आले तेव्हा मी एकाचा हात धरून सांगितलं, आत एकच माणूस आहे, त्या खोलीकडे गेलाय. म्हणून त्यांना तो लवकर सापडला. तुला कसं माहीत, असं मला कुणी विचारलं नाही.

काल मी हॉस्पिटलमध्ये गेले. त्याची बायको श्रेया बाकावर बसली होती. तू म्हणाली होतीस बायको घरात असते. ती नर्सरीत शिकवते, तशीच शाळेच्या साडीत आली होती. मला काचेतून आत दाखवलं. शुद्ध आलीय, पण बोलता येत नाही. बोटाने चादरीवर काहीतरी गिरवत होता. श्रेया म्हणाली, "सारखं तेच लिहितो. मेघना. तुम्ही ओळखता ना तिला? ती बाहेर आली ना?" मी म्हटलं, सुखरूप आहे. ती म्हणाली, "मीही तेच सांगते. त्याला वाटतं, मी त्याचं मन राखायला सांगते. एकदा तिला घेऊन याल?"

आणि आता ऐक. कंपनीने पत्रक काढलंय. सगळे कर्मचारी वेळेत बाहेर आले होते, धनेश नियम मोडून स्वतःच्या मर्जीने परत आत गेला. काहीजण तर म्हणतात, बॅग आणायला गेला होता. त्यामुळे कंपनी त्याच्या उपचाराची जबाबदारी घेणार नाही. यादीत तुझं नाव होतं, हे त्यात कुठेच नाही. शंतनु सर मला जिन्यात भेटले. "तुम्ही हुशार आहात," एवढंच म्हणाले.

मेघे, गप्प राहू या. मी हात जोडते. तू बोललीस तर ते कॅमेरा उघडतील आणि त्यात मी आहे, रोज सकाळची, दोन कार्डं घेऊन. दादाची कंपनी बंद पडायच्या बेतात आहे. घर माझ्यावर चाललंय. पोलिसांत दिलं तर? आमच्यासारख्यांच्या मुलीला तिथे कोण विचारतं? धनेश बरा होईल. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं टळलंय. मग कशाला आपण दोघींनी मरायचं?

प्रिती


हरकुळ
१७ मार्च

प्रिती बाय,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. तू मान हलवलीस म्हणून तुला बोल लावायला मी कोण? मी इथे दीडशे कोसांवर बसून तेच केलं.

पण तो चादरीवर माझं नाव लिहितोय, हे मला सहन होत नाही. तो मला जळताना बघतोय, प्रिती. मी इथे जिवंत आहे, चूल पेटवते, भात खाते, आणि एक माणूस तिकडे रोज मला आगीत सोडून येतोय. वर कंपनी त्याला म्हणते, तू बॅगेसाठी गेलास.

मी शुक्रवारी येते. गुणाजींच्या गाडीत जागा मिळालीय. शेजारच्या काकी दोन दिवस आईजवळ राहतील. आधी हॉस्पिटलमध्ये जाईन, तिथून शंतनु सरांकडे. कार्ड मीच दिलं, मीच गळ घातली, असं सांगेन. तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. कॅमेऱ्यात दिसलीस तर दिसलीस, तिथे माझा इलाज नाही. पण मी बोट दाखवणार नाही.

मी खूप घाबरलेय. आईला काय सांगू ते ठरत नाही. ती म्हणते, "जा गो, बोलवतत तर जावक् होया." तिला वाटतं, ऑफिसाने बोलावलंय.

तू हॉस्पिटलकडे फिरकू नकोस.

मेघना


वरळी
१८ मार्च

मेघे,

हे गुणाजींच्या परतीच्या गाडीत देतेय. तू निघायच्या आत मिळू दे.

दादाला सगळं सांगितलं. तो खूप ओरडला, मग रडला. आई म्हणाली, "त्या पोराच्या बायकोला माझ्या पोरीने अंधारात ठेवलं असेल तर मला या घरात अन्न गोड लागणार नाही."

मला वचन देता येत नाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी सकाळी येईन असं आत्ता वाटतंय. उद्या काय वाटेल माहीत नाही. माझी मान माझं ऐकत नाही हे एकदा बघितलंय. मी दिसले नाही तर थांबू नकोस, आत जा.

प्रिती


गिरगाव
२६ एप्रिल

मेघना,

प्रितीकडून पत्ता घेतला. डॉक्टरांनी अजून बोलायला मनाई केलीय. घशातून आवाज फाटका निघतो, लहान मुलं घाबरतात. म्हणून लिहितो. श्रेयाला माहीत आहे. तिला हे पसंत नाही. तिच्या जागी मी असतो तर मलाही नसतं.

तुम्ही दोघी त्या सकाळी खाटेशी आलात. तू तोंड उघडायच्या आत प्रितीच बोलली. "मी मान हलवली ती खोटी होती, धनेश. ती कधीच त्या खोलीत नव्हती." एवढं बोलून ती खाली बसली. मग तू कार्डाचं सांगितलंस. मला वाटतं तुम्ही बराच वेळ बोलत होतात. मी ऐकलं नाही, मी तुझे पाय बघत होतो. आजी म्हणायची, भुताचे पाय उलटे असतात. हसू नकोस. मी दोनदा खात्री करून घेतली.

बाकीचं तुला ठाऊक आहे. तुम्ही लिहून दिलंत म्हणून कंपनीला पत्रक बदलावं लागलं. यादीत नाव होतं आणि धनेश त्या नावासाठी आत गेला, असं आता लिहिलंय. उपचाराचंही मान्य केलं. तुम्हा दोघींना काढलं. पोलिसांत दिलं नाही, कारण मग त्यांनाही बरीच उत्तरं द्यावी लागली असती. मलाही पुढच्या महिन्यापासून "तब्येत सांभाळून घरून काम करा" म्हणतायत. शंतनु सर हे सांगायला घरी आले होते, पेढे घेऊन. मी हसलो तर खोकल्याची उबळ आली.

तुला वाटत असेल मी माफ केलं म्हणून लिहितोय. तसं नाही. तू आत नव्हतीस हे कळलं तेव्हा आधी हायसं वाटलं, अगदी रडू येईल इतकं. राग नंतर आला. तो अजून आहे. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, तेव्हा तुम्हा दोघींची नावं घेऊन शिव्या देतो. हा राग कधी जाईल ते मला माहीत नाही, आणि तुम्ही मला विचारूही नका.

पण एक गोष्ट तुलाच सांगता येते, म्हणून हा खटाटोप. त्या दिवशी मी ते दार ठोकलं होतं. धुरात काही दिसत नव्हतं, हाताने चाचपत गेलो. दाराला कडी होती की कुलूप, कळलं नाही, उघडत नव्हतं. मी तुझ्या नावाने हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मला वाटलं तू बेशुद्ध पडलीस. अजून जोरात ठोकलं. मग तेही जमेना. शेवटचं एवढंच आठवतं, की मी ठोकायचं थांबवलं.

हॉस्पिटलात डोळे मिटले की ते दार समोर यायचं. मी ठोकायचो आणि आतून तू खोकताना ऐकू यायचीस. खरंच ऐकू यायचीस. श्रेया म्हणायची, सगळे वाचले. मी मनात म्हणायचो, हिला कुणी सांगितलं नाही.

दार अजून येतं. झोप लागली की मी त्या मजल्यावर असतो. घामाने उशी भिजते. पण आता ठोकता ठोकता मी मध्येच थांबतो, दाराला कान लावतो. आत कुणी खोकत नाही. मग मी जिन्याकडे वळतो आणि खाली उतरतो.

धनेश